दर चौदा सेंटीमीटरला सुटणारा धागा

काकूंनी पिशवीतून क्विल्टचे ३२ ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून शिवलेले चौकोन, काढून माझ्या टेबलावर मांडले आणि हात झटकले. "हे बघ. एक दुसऱ्याला जुळेल तर शपथ. माझा कटरच खराब आहे. ६० मिमीचा घेऊ का आता?"

या काकू माझ्याकडे क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखं पांघरूण शिवणं, शिकायला येतात. त्याआधी तीसेक वर्षं त्यांनी कपडे शिवले आहेत, तेही सगळी कापणी कात्रीने करून. त्यांचा हात इतका बसलेला आहे की खडूची रेघ अर्धवट असली तरी कात्री बरोबर वळते. पण अंगठ्याच्या मुळाशी सांधेदुखी सुरू झाली आणि कात्रीची उघडझाप सोसेना, म्हणून त्या रोटरी कटरकडे, म्हणजे फिरत्या गोल पात्याच्या कटरकडे, आल्या. हे सुरुवातीलाच सांगते, कारण "तुम्ही आपली कात्रीच वापरा" हा सोपा सल्ला या प्रकरणात देताच येत नव्हता. कटरशी जमवून घेणं भागच होतं.

क्विल्टचा आराखडा साधा होता. ७ ब्लॉक रुंद, ९ ब्लॉक उंच, एकूण ६३. त्यातले ३२ नऊ-तुकडी, म्हणजे तीन ओळींत तीन-तीन चौकोन असलेले, आणि त्यांच्या मधे एकाआड एक ३१ साधे अखंड चौकोन. नऊ-तुकडीतला प्रत्येक चौकोन शिवून झाल्यावर २ इंचांचा राहायचा होता. दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, धरून पट्टे अडीच इंचांचे कापायचे. ब्लॉक शिवून साडेसहा इंचांचा, क्विल्टमध्ये जोडल्यावर ६ इंचांचा. पूर्ण क्विल्ट ४२ बाय ५४ इंच.

काकूंनी तुकडे सुटे कापले नव्हते. अडीच इंची तीन पट्टे लांबीत जोडायचे, मग त्या जोडपट्ट्याला आडवे अडीच-अडीच इंचांवर छेद द्यायचे, आणि मग त्या तीन-तीनच्या ओळी जोडायच्या, ही पद्धत मीच शिकवली होती. वेळ फार वाचतो. पण तिची एक अट आहे. मूळ पट्टा चुकला तर त्यातून निघणारे सोळाच्या सोळा तुकडे तीच चूक घेऊन निघतात. कात्रीने एकेक तुकडा कापताना एक चुकतो, पुढचा सावरतो. इथे ती सोय नाही.

मी ब्लॉक मोजले. चार बरोबर साडेसहा होते. १७ ब्लॉक ६ ३/८ ते ६ ७/१६ इंचांच्या दरम्यान. आठ ६ १/४ ते ६ ५/१६. उरलेले तीन एका बाजूने सव्वासहाच्याही खाली आणि शिवाय वेडेवाकडे. त्यांचे दोन कर्ण मोजले तर सारखे येईनात. साधे ३१ चौकोन मात्र सगळे साडेसहा, अगदी नेमके.

तिथेच माझ्या मनात पहिली शंका आली. कटर तोच, पाते तेच, हात तोच. मग साधे चौकोन बरोबर आणि पट्टे चूक, असं कसं?

न शिवलेले पट्टे

"काकू, कापून न शिवलेले पट्टे उरलेत का?"

"चार आहेत. अठरा लागणार होते, मी बावीस कापले."

"तेच दाखवा."

त्यांना नवल वाटलं, कारण तक्रार ब्लॉकांची होती. पण शिवलेल्या ब्लॉकात कापणीची चूक, शिवणीची चूक आणि इस्त्रीने ताणलेलं कापड हे तिन्ही एकमेकांत मिसळून गेलेलं असतं. त्यातून कोणाचा वाटा किती हे काढणं कठीण. न शिवलेला पट्टा फक्त कापणीबद्दल बोलतो. ज्यांचे ब्लॉक जुळत नाहीत त्यांनी उसवायला बसण्याआधी हे करावं असं मी कळकळीने सांगेन: उरलेला एखादा पट्टा शोधा, इस्त्री न करता सपाट पसरा आणि पाच ठिकाणी रुंदी मोजा.

चारही पट्टे आम्ही घडी उलगडून टेबलावर एकाखाली एक ठेवले. काकू पुन्हा म्हणाल्या, "बघ ना, धागे सुटलेत. बोथट पातं आहे. आणि नवीनच घातलंय, महिनाही झाला नाही."

धागे सुटले होते हे खरं. चार-पाच धागे अखंड राहिलेले, मग ते काकूंनी कात्रीने तोडलेले, त्यामुळे कडेला बारीक झिपऱ्या. पण बोथट पाते असं करत नाही. बोथट झालेलं पातं सगळीकडेच कष्टाने कापतं. कापड पुढे ढकलतं, कडेला सुरकुती धरते, एका फेरीत कापून होत नाही आणि आपण नकळत जोर वाढवत जातो. इथे दोन झिपऱ्यांच्या मधला भाग वस्तऱ्याने कापल्यासारखा स्वच्छ होता.

मी टेप घेतली आणि एका झिपरीपासून दुसऱ्या झिपरीपर्यंत मोजलं. १४ सेंटीमीटर. पुढची, पुन्हा १४. दुसऱ्या पट्ट्यावर १४ला किंचित जास्त. आणि घडीच्या दोन्ही बाजूंना अगदी आरशातल्यासारखी तीच जागा, कारण दोन्ही थर एकदमच कापले होते.

काकूंचा कटर ४५ मिमीचा, म्हणजे पात्याचा व्यास ४५ मिमी. ४५ला ३.१४ने गुणलं की १४१ मिमी, म्हणजे पात्याचा पूर्ण घेर. पातं एक फेरा पूर्ण करतं तेव्हा त्याची एकच जागा पुन्हा कापडाला टेकते, आणि त्या जागी धार नव्हती. पातं बोथट नव्हतं, त्याला एक खाच पडली होती. २८ मिमीच्या पात्यावर अशीच खाच असती तर धागे दर ८८ मिमीवर सुटले असते, ६०च्या पात्यावर दर १८८वर. एवढा एक गुणाकार डोक्यात ठेवला की कापड स्वतःच सांगतं काय बिघडलंय. मात्र पातं मोकळं फिरत असेल तरच हा हिशेब लागतो. पातं धरणारा नट फार आवळला असेल तर पातं फिरण्याऐवजी घसटत जातं, मग झिपऱ्यांत काही ताळमेळ राहत नाही आणि धारेची एकच बाजू झिजते. नट एवढाच आवळावा की पातं डगमगणार नाही, पण कापडावरून नेताना सहज फिरेल. काकूंचा नट ठीक होता.

"काकू, कापताना टाचण्या लावता का?"

"मग? दोन थर सरकतात ना."

कात्रीच्या कामात हीच शिस्त. टाचण्या लावल्याशिवाय दोन पदर कापायचे नाहीत, आणि कात्री टाचणीच्या जवळ आली की हात आपोआप वळसा घेतो. कटरला तो वळसा घेता येत नाही, तो मोजपट्टीच्या कडेने सरळ जातो. टाचणीवरून एकदा गेलं की संपलं. नव्या पात्याचंही तेच होतं, उलट नवी धार जास्त नाजूक असते. काकू घरी पोचताच महिनाभरापूर्वी काढून ठेवलेलं जुनं पातं पाहणार होत्या; त्यांनी रात्री कळवलं की त्याच्यावरही नखाला लागेल अशी खाच आहे. दोन पाती टाचण्यांनी गेली होती, दोन्ही वेळा दोष कटरच्या माथी आला.

एका पट्ट्यावर मात्र आणखी एक झिपरी होती जी १४च्या हिशेबात बसेना. मी काकूंची मॅट, म्हणजे कापताना कापडाखाली ठेवायची चटई, मागवली. (ती त्या दुसऱ्या दिवशी घेऊन आल्या, पहिल्या दिवशी आम्ही तेवढ्यावरच थांबलो.) मॅटच्या मधोमध एक खोल चर होती. जोडपट्ट्यांना अडीच-अडीच इंचांचे छेद त्या नेहमी एकाच जागी द्यायच्या, त्यामुळे तिथे रेघ खोल गेली होती आणि तिच्यात कापसाचे तंतू बसले होते. या मॅटला आपली जखम आपण भरून काढणारी म्हणतात ते खरं आहे. पातं तिचा थर फाकवतं आणि पातं निघाल्यावर तो पुन्हा मिटतो. पण एकाच जागी शेकडो वेळा गेलं, वर तंतू जाऊन बसले, तर मिटणार कसं? मग पातं त्या चरीवरून जाताना कापडाला खालून आधार मिळत नाही आणि धागे कापले जाण्याऐवजी खाली दाबले जातात.

पडताळा सोपा असतो. मॅट अर्धी फिरवली आणि चिंधीवर एक छेद दिला. सुटलेल्या धाग्यांची जागा मॅटबरोबर सरकली. दोष पात्याचा असता तर ती जागा १४च्या पाढ्यातच राहिली असती.

घडी काटकोनात नव्हती

धाग्यांचा प्रश्न डोळ्यात भरणारा होता, म्हणून काकूंचं सगळं लक्ष तिकडे. पण सुटलेल्या धाग्यांमुळे ब्लॉक लहान होत नाहीत. आता खऱ्या दुखण्याकडे आलो.

चारपैकी दोन पट्टे टेबलाच्या कडेला लावून पाहिले तर मधे वाकलेले. अगदी बारीक, पण मधल्या घडीच्या जागी कोपर वाकवावं तसा कोन. क्विल्टिंग करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हा पट्टा एकदा तरी पाहिलेला असतो आणि पहिल्यांदा वाटतं की कापड ताणलं गेलं. कापड ताणलेलं नसतं. पट्टा कापतानाच वाकडा जन्मलेला असतो.

कारण असं. ४२ इंची कापड काठाला काठ लावून दुमडलं की २१ इंच लांबीचा छेद द्यायचा असतो. हा छेद घडीशी बरोबर ९० अंशांत हवा. तो एक अंशाने जरी तिरका गेला तरी २१ इंचांच्या टोकाला सुमारे ३/८ इंचाचा फरक पडतो. आणि घडी उलगडली की तो तिरकेपणा दोन्ही बाजूंना एकमेकांविरुद्ध उघडतो, म्हणजे वाक दोन अंशांचा होतो. चार पदरी घडी करून कापलं असतं तर तीन घड्यांवर तीन वाक आले असते.

काकू काय करत होत्या ते मी त्यांना करून दाखवायला सांगितलं. त्यांनी कापड दुमडलं, काठ मॅटवरच्या आडव्या रेघेला बिनचूक लावले आणि मोजपट्टी उभ्या रेघेवर ठेवली. वर्षानुवर्षं कपडे कापताना काठ हाच आधार मानलेला, त्यात काही गैर नव्हतं. पण इथे आधार घडीचा घ्यायचा असतो. काठ एकमेकांवर जुळले म्हणजे घडी सपाट बसलीच असं नाही. आणि त्यांच्या कापडात ती नव्हती, घडीलगत तिरप्या लाटा दिसत होत्या.

आम्ही एकत्र असं केलं: कापड काठाने धरून समोर लोंबतं ठेवलं आणि वरचा काठ डावी-उजवीकडे सरकवत गेलो, घडीलगतच्या लाटा विरेपर्यंत. लाटा गेल्या तेव्हा कापडाची कापलेली टोकं एकमेकांपासून जवळजवळ पाऊण इंच सरकलेली होती. "हे असं वाकडंच राहू द्यायचं?" काकूंनी विचारलं. हो, ते टोक आपण कापून टाकणारच आहोत. मग घडी खाली, आपल्या बाजूला. मोजपट्टीवरची एक आडवी रेघ घडीवर तंतोतंत. आणि पहिला छेद फक्त टोक सरळ करण्यासाठी.

आणि तीन-चार पट्टे कापले की पुन्हा तपासायचं. प्रत्येक पट्टा आधीच्या छेदावरून मोजला जातो, त्यामुळे केसाएवढा तिरकेपणा पट्ट्यागणिक साचत जातो. वेडेवाकडे तीन ब्लॉक याच साचलेल्या तिरकेपणातून आले होते. काकूंनी बावीस पट्टे एका दमात कापले होते, मधे एकदाही टोक सरळ न करता.

पट्टी सरकते तेव्हा

तिसरी खूण मोजल्याशिवाय दिसणारी नव्हती. एक पट्टा घडीजवळ अडीच इंच, काठाजवळ २ ७/१६. दोन्ही बाजू सरळ, पण निमुळता. म्हणजे कापताना मोजपट्टी फिरली होती.

मोजपट्टी २४ इंच लांब, ६ इंच रुंद, पारदर्शक अॅक्रिलिकची. निवड चांगली होती. २१ इंचांचा छेद एका दमात जायचा तर २४ इंचीच लागते. आखूड घेतली की मधे उचलून पुढे सरकवावी लागते आणि तिथे पायरी पडते. पण लांब पट्टीला धरायचं कसं, हे काकूंना कोणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणजे मी सांगितलं नव्हतं. त्या डावा पंजा पट्टीच्या खालच्या तिसऱ्या भागावर ठेवून संपूर्ण छेद देत होत्या. कटर वरच्या टोकाकडे गेला की तो पट्टीला बाजूला रेटतो, आणि तिथे तिला धरणारं कोणी नसतं.

हात चालवावा लागतो. कटर हाताच्या थोडा पुढे गेला की थांबायचं, पातं कापडातून न उचलता. मग बोटं किड्यासारखी आकसून पुढे न्यायची, पुन्हा दाब द्यायचा आणि पुढे कापायचं. दाब पंजाने नाही, पसरलेल्या बोटांच्या टोकांनी. आणि करंगळी पट्टीच्या बाहेरच्या कडेला मॅटवर टेकवायची, म्हणजे ती खुंटीसारखी अडवते. कापणाऱ्या बाजूच्या कडेपासून मात्र सगळी बोटं किमान एक इंच आत. हे मी फार आग्रहाने सांगते. काकूंच्या तर्जनीवर कापल्याची ताजी खूण होती, आणि त्यांनी ती पहिल्या दिवशी सांगितलीसुद्धा नाही. ही पाती कापडाचे अनेक थर एका दमात चिरतात, बोटाला ती वेगळं मानत नाहीत.

काकूंना डाव्या अंगठ्याने दाब देता येत नव्हता, हा इथला खरा पेच. चार पदरी घडी केली तर छेद साडेदहा इंचांचाच राहतो आणि हात चालवावा लागत नाही, हा विचार मी केला होता. पण दुमडी वाढली की वाक वाढतात, आणि थर वाढले की कटरवरचा जोर वाढतो. म्हणून घडी एकच ठेवली आणि पट्टीच्या पाठीला न घसरणाऱ्या रबरी टिकल्या लावल्या. टिकल्या पातळ निवडल्या, कारण जाड टिकल्यांनी पट्टी कापडापासून उचलली जाते आणि वरून पाहताना रेघ कापडाच्या कडेवर आहे की बाजूला, हे डोळा चुकीचं सांगतो.

दुसरा बदल टेबलाचा होता. त्या जेवणाच्या टेबलावर बसून कापत होत्या. बसून खांद्याचं वजन हातात उतरत नाही, सगळं काम मनगट आणि अंगठ्यावर पडतं. उभं राहून, कोपरापासून वीतभर खाली येईल एवढ्या उंचीच्या पृष्ठभागावर कापलं तर दाब वरून, शरीराच्या वजनाने येतो. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन आम्ही ती उंची आणली. त्यांच्या अंगठ्याला सर्वांत जास्त आराम कुठल्याही नव्या अवजाराने मिळाला नाही, या ठोकळ्यांनी मिळाला.

रेघ कुठे संपते

साधे चौकोन बरोबर का आले, याचं उत्तर आता समोर होतं. ते साडेसहा इंची चौरस पट्टी ठेवून कापलेले होते, चारही बाजूंनी पट्टीची कडच धरून. तिथे घडी, काठ, मॅटच्या रेघा यांचा संबंधच नव्हता.

पट्टे मात्र काही मॅटच्या रेघांवर मोजले होते, काही मोजपट्टीच्या. मॅटच्या रेघा छापील असतात, जाड असतात, आणि मॅट जराशी फुगली तरी सरकतात. काकूंच्या मॅटवर एकदा गरम इस्त्री टेकली होती आणि एक कोपरा कायमचा उचललेला होता. मॅटच्या रेघा कापड साधारण सरळ ठेवायला वापराव्यात, माप घ्यायला नाही. माप एकाच पट्टीवर घ्यावं आणि एका क्विल्टमध्ये तीच पट्टी शेवटपर्यंत ठेवावी.

त्या एका पट्टीवरही एक बारकावा राहतो. अडीच इंचांची रेघ स्वतः काही शून्य जाडीची नसते. कापडाची कड रेघेच्या आत झाकायची, की रेघेला बाहेरून टेकवायची? कुठलंही एक ठरवलं तरी चालतं, पण ठरवायला हवं. अर्ध्या मिमीचा फरक तीन पट्ट्यांत दीड मिमी होतो, म्हणजे जवळजवळ १/१६ इंच. आणि इथे लहान भरलेल्या ब्लॉकांत प्रत्येक पट्टा १/१६ इंचाने अरुंद निघत होता, तीन पट्ट्यांत ३/१६. काकूंची टीप पाव इंचापेक्षा किंचित जास्त आत पडत होती, त्यातून आणखी १/१६. बेरीज पाव इंच. साडेसहातून पाव इंच गेला की सव्वासहा, म्हणजे ब्लॉकांच्या ढिगातलं जवळजवळ सर्वांत लहान माप.

शिवणीचा वाटा तपासण्यासाठी दीड इंची तीन चिंध्या शेजारी-शेजारी जोडल्या आणि इस्त्री केली. मधली बरोबर १ इंच दिसायला हवी होती. ती थोडी कमी भरली. सुई एक खूण उजवीकडे सरकवली आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

मग ६०चा घ्यायचा की नाही

काकूंनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि आता उत्तर देता येत होतं.

रोटरी कटर हे तसं अलीकडचं अवजार. ओल्फा या जपानी कंपनीने ते १९७९ साली बाजारात आणलं. त्याआधी साचा ठेवून, पेन्सिलने रेघ मारून, कात्रीने एकेक तुकडा कापत. पाती साधारणपणे १८, २८, ४५ आणि ६० मिमीची मिळतात. १८ आणि २८ लहान वळणांसाठी आणि साच्याभोवती फिरवण्यासाठी. ४५ हा रोजचा. सुरुवात करणाऱ्याने एकच घ्यायचा असेल तर तोच घ्यावा, हे माझं मत वर्षानुवर्षं बदललेलं नाही. ६०चं मोठं चाक जाड थरांवर सहज चढतं आणि कमी दाबात कापतं, पण बारीक वळण त्याला घेता येत नाही.

सर्वसाधारण विद्यार्थ्याला मी "४५वरच राहा" म्हटलं असतं. काकूंसाठी ६०ला हो म्हटलं. त्यांचे आराखडे सरळ पट्ट्यांचेच असतात आणि त्यांना हवी होती ती गोष्ट म्हणजे कमी दाब. फक्त हे त्यांना स्पष्ट सांगितलं की या क्विल्टमध्ये जे बिघडलं त्यातलं काहीही ६०ने दुरुस्त झालं नसतं. टाचणी त्याही पात्याला तशीच लागली असती.

मुठीबद्दल माझा अंदाज चुकला. दाबलं की पातं बाहेर येतं आणि सोडलं की आपोआप आत जातं, अशी मूठ सांधेदुखीला जड जाईल असं मला वाटलं होतं. काकूंनी माझा तसा कटर हातात घेऊन दहा-बारा छेद दिले. "अगं, यात अंगठा दाबावाच लागत नाही. बाकीची चार बोटं दाबतात, अंगठा नुसता वर बसतो." आणि त्यांना त्याची गरजही होती. माझ्यासमोर त्या सरळ मुठीच्या कटरचं पातं उघडं ठेवून दोनदा इस्त्रीकडे वळल्या होत्या. म्हणून तो प्रकार निवडला. मूठ दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये, हातात धरून पाहावी, हे मी आता आधीपेक्षा ठामपणे सांगते.

त्याव्यतिरिक्त एक नवी मॅट. बाकी काही घेतलं नाही. जुनी खाचेची पाती काकूंनी झाकणाच्या कडक डबीत घालून वर चिकटपट्टी गुंडाळून टाकली. ती तशीच कचऱ्यात टाकली तर कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो.

त्या ३२ ब्लॉकांचं काय केलं

काकू सगळं उसवायला तयार होत्या. मी नको म्हटलं.

या आराखड्यात नऊ-तुकडीच्या शेजारी नेहमी अखंड चौकोन येतो, त्यामुळे आतल्या शिवणी शेजारच्या ब्लॉकाच्या शिवणीला जुळाव्या लागत नाहीत. फक्त बाहेरचं माप सारखं हवं. सगळ्या नऊ-तुकड्या शेजारी-शेजारी असत्या तर मीही उसवाच म्हटलं असतं. इथे २९ ब्लॉक सव्वासहाला छाटता येत होते. छाटताना कडेपासून मोजलं नाही. मधल्या चौकोनाचा मध्य पट्टीच्या ३ १/८ इंचांच्या रेघांच्या छेदावर ठेवला आणि चारही बाजूंनी सारखं काढलं. साडेसहाच्या ब्लॉकातून प्रत्येक बाजूला १/८ इंच गेला, म्हणजे कडेचे चौकोन मधल्यापेक्षा तेवढ्याने लहान दिसणार. शोधलं तरच दिसतं. साधे ३१ चौकोनही सव्वासहाला आणले. क्विल्ट ४२ बाय ५४ ऐवजी ४० १/४ बाय ५१ ३/४ इंचांची होणार होती. तेवढी तडजोड काकूंना मान्य होती.

वेडेवाकडे तीन ब्लॉक नव्याने करायचे ठरले. सहा नवे पट्टे लागले, ते काकूंनी माझ्या टेबलावर कापले. टाचण्या नाहीत, घडी आधी लोंबती ठेवून सपाट केलेली, हात चालवत. प्रत्येक पट्टा पाच ठिकाणी मोजला. पाच पट्टे सगळीकडे अडीच भरले. सहाव्याला मधे किंचित वाक होता. तिसऱ्यानंतर टोक सरळ करायचं राहून गेलं होतं, आणि हे मी सांगण्याआधी काकूंनीच पट्टा उलगडून दाखवला. तोही कापून नवा केला.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. क्विल्टच्या ओळी जोडून झाल्या होत्या, आता भोवतीची कापडी पट्टी कापत होत्या.

"धागे सुटतायत गं परत. पण अठरा-एकोणीस सेंटीमीटरवर."

"टाचणी?"

"नाही, टाचणी नाही लावली. परवा कटर हातातून फरशीवर पडला होता, तेव्हाच कड लागली असणार. पातं बदललंय मी. तुला नुसतं सांगायला फोन केला."